टायटेनियम आणि इनामदार सरांचा कान

आमच्या लॅबमध्ये मशीनखाली एक पत्र्याचा ट्रे आहे. दिवसभर त्यात काय पडतंय ते कुणी बघत नाही, आणि शनिवारी झाडायला घेतलं की करड्या भुकटीचा हा एवढा ढीग निघतो! किश्श्यांचंही तसंच आहे बघा. रोज कुणीतरी काहीतरी बोलतं, आपण हसतो, कामाला लागतो. मग कधीतरी चहाला निवांत बसावं, तर लक्षात येतं की अरे, केवढं साठलंय!

आमची लॅब म्हणजे धारवाडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातली शेवटची खोली. शेवटची, कारण आवाज. मी तिथं शिकवते, चाचण्या करते. प्रसन्न तेव्हा पीएचडी करत होता. मशीन चालवायला शिवप्पा अण्णा. आणि आम्हा सगळ्यांच्या वर इनामदार सर, ज्यांचं सगळं आयुष्य टायटेनियम कसं झिजतं हे बघण्यात गेलं. आज ढीग उपसायला घेतलाय तो सरांच्या कानांच्या किश्श्यांचा. सर स्वतःच आता ते सगळ्यांना सांगत सुटलेत, म्हणून मलाही सांगायला हरकत नाही.

*

आधी आम्ही काय करतो ते सांगते. टायटेनियमच्या मिश्रधातूची बोटाच्या पेराएवढी पिन घ्यायची. ती फिरत्या पोलादी तबकडीवर दाबून धरायची. भरपूर घासू द्यायची. आधी वजन, नंतर वजन, आणि मधला फरक म्हणजे झीज. झालं!

हे मी लग्न झाल्यावर सासूबाईंना अगदी समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का दारात आल्या, तर आतून मला ऐकू आलं, "आमच्या सुनेचं बघा की हो. घरात भांडी घासायला बाई ठेवलीय, आणि स्वतः रोज कॉलेजात जाऊन घासतीय!"

सरांना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "नीलू, आमच्या विषयाची इतकी सोपी व्याख्या मलाही जमली नाही."

*

टायटेनियम मोठं गुणी. विमानात जातं, समुद्रात गंजत नाही, वजनाला हलकं आणि ताकदीला भारी. पण घासायला घेतलं की सगळा रुबाब उतरतो! समोरच्याला चिकटतं, त्याला ओरबाडतं, स्वतःचे लचके तोडून देतं, आणि वर किंचाळतं. किंचाळतं म्हणजे किती? शेजारच्या ड्रॉइंग हॉलमधल्या मॅडम एकदा मोजपट्टी हातात घेऊनच धावत आल्या होत्या.

म्हणून आमच्याकडे कानात घालायच्या स्पंजच्या बोळ्यांची बरणी असते. मशीन चालू करण्याआधी अण्णा ती बरणी प्रसादासारखी सगळ्यांपुढे फिरवतात.

सर मात्र कधीच बोळे घालायचे नाहीत. त्यांच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक मशीनच्या दांड्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. जुने मोटर मेकॅनिक करतात तसं. मग म्हणायचे, "आता सोडलं त्यानं. बंद करा." पिन काढून बघावी, तर वरचा थर खरंच नुकताच फाटलेला!

एकदा धारवाडजवळच्या बेलूरमधल्या एका कारखान्यातले मॅनेजर टायटेनियमच्या पिना घेऊन आले. वर सोनेरी लेप दिलेला, झीज होऊ नये म्हणून. लेप किती टिकतो ते बघायचं होतं. सरांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं हात वर केला. "लेप गेला."

पिन काढली. सोनेरी लेपातून खालचा करडा धातू डोकावत होता, तांदळाच्या कणीएवढा.

मॅनेजर थक्क. त्यांना वाटलं, सगळी करामत त्या स्क्रूड्रायव्हरमध्येच आहे! म्हणाले, "सर, हा सेन्सर कुठल्या कंपनीचा?"

सरांनी कानावर टिचकी मारली. "आईकडून आलाय. गॅरंटी संपलीय!"

आम्ही सगळे हसलो. त्या वाक्यात किती खरं होतं ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

*

मधेच प्रसन्नचा एक सांगते, नाहीतर तो रागवेल.

एका दुपारी प्रसन्न धावत आला. डोळे मोठे. "नीलूअक्का, पिन वाढलीय!" घासून झाल्यावर पिनचं वजन कमी व्हायच्या ऐवजी जास्त भरलं होतं. त्यानं परत मोजलं, परत जास्त. तोपर्यंत त्याचा मनातल्या मनात पेपर लिहून झाला होता, मथळ्यासकट.

सरांनी पिन चिमट्यात धरली. भिंगातून बघितली. मग वास घेतला! आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला टायटेनियमचा वास घेताना बघत होते.

"प्रसन्न," सर म्हणाले, "हे टायटेनियम नव्हे. ही आमच्या घरची शेंगाचटणी आहे."

सरांच्या डब्यात मालतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सगळ्यांना पुरेल एवढी भाकरी आणि शेंगाचटणी देत. प्रसन्न ती खाऊन, हात नुसते पँटला पुसून वजन करायला बसला होता. आमचा काटा असा नाजूक, की बोटाच्या तेलाचंही वजन दाखवतो. तेव्हापासून लॅबच्या दारावर पाटी आहे: 'आधी वजन, मग भोजन.'

*

आता तो दिवस.

सर फळ्याकडे तोंड करून दोन नवीन मुलींना काहीतरी समजावत होते. मागे मशीन चालू होतं. अचानक पिनच्या पकडीतला स्क्रू सैल झाला, पिन वाकडी बसली, आणि असा काही आवाज सुटला म्हणता! बोळे घातलेले असूनही माझे दात शिवशिवले. कॉरिडॉरमधून माणसं धावत आली. त्या मुली कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटल्या.

आणि सर खडूनं आलेख काढत होते. शांतपणे. रेघ जराही हलली नाही.

प्रसन्ननं माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. अण्णांनी बटण दाबलं. तबकडी थांबली. थोड्या वेळानं सर वळले, बघतात तर मशीन बंद, दारात गर्दी.

"का बंद केलं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा शिवप्पा अण्णा, जे जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, ते म्हणाले, "करंट होय्तु, सर. करंट गेला."

आमच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता!

सरांनी पंख्याकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. मग खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "बरं. करंट आला की सांगा." आणि जेवायला गेले.

मला रडू आलं, खरंच सांगते. बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो असा आपला समज. सर तर अगदी हळू बोलायचे, समोरच्याचे ओठ वाचून बरोब्बर उत्तर द्यायचे, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. आणि तो स्क्रूड्रायव्हर! आम्हाला वाटायचं ती ऐट आहे. त्यांना मशीन ऐकू यायचं ते फक्त त्यातून.

*

त्या दिवसापासून लॅबमध्ये एक कट शिजला. कुणीच कुणाला काही सांगितलं नाही, तरी सगळे सामील. सरांशी बोलायचं ते समोर जाऊन. हाक मारायच्या ऐवजी टेबलावर बोट आपटायचं. अण्णांनी मशीनवर एक लाल दिवा बसवला. सरांनी विचारलं, हा कशाला? तर म्हणाले, "छान दिसतंय की, सर!"

खरी परीक्षा आली ती प्रसन्नच्या व्हायवाला. बाहेरून आलेले परीक्षक मिशीतल्या मिशीत बोलणारे. ओठ वाचायचे म्हटलं तर मिशी आड येते! सर गाइड म्हणून शेजारी बसलेले. त्यांना प्रश्न कळला नाही आणि मधेच त्यांनाच काही विचारलं तर?

प्रसन्ननं पहिला प्रश्न ऐकला आणि सरांकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाला, "म्हणजे सर, आपण असं विचारताय की भार वाढवल्यावर झीज एकदम का वाढते?" मग उत्तर दिलं. दुसरा प्रश्न. परत तेच. "म्हणजे सर, आपण असं विचारताय की..." शेवटपर्यंत!

परीक्षकांनी जाताना सरांचा हात हातात घेतला. "प्रोफेसर, प्रश्न इतका नीट समजून घेणारा विद्यार्थी मी बघितला नव्हता. फार चांगली शिस्त लावलीत."

ते ऐकून पाठीमागच्या मुलांनीही तीच शिस्त उचलली. आज आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणालाही काही विचारा, पोरगं आधी प्रश्न मोठ्यानं म्हणून दाखवतं, मगच उत्तर देतं. नव्या मुलांना वाटतं हा युनिव्हर्सिटीचा नियम आहे!

*

सरांचं घर सप्तापुरात. एका रविवारी मी पेपर दाखवायला गेले होते. सर खुर्चीत वाचत बसलेले, खिडकीकडे तोंड. काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवला, आणि खुर्चीच्या मागे उभ्या राहून काहीतरी बोलल्या. अगदी हळू. मलाही ऐकू आलं नाही. सर वाचतच होते. काकू आत गेल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. "काकू, आत्ता काय म्हणालात?"

"काही नाही गं. त्यांच्या पाठीशी बोलायची सवय झालीय मला. पाठ उलटून बोलत नाही, तेवढंच बरं!"

"पण म्हणालात काय?"

"रोज एकच वाक्य म्हणते," असं म्हणून काकूंनी गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता.

मग त्याच बोलल्या. हुबळीच्या डॉक्टरांनी सरांना केव्हाच उपाय सांगितला होता. लहानपणापासून कान वाहून वाहून आतली नाजूक हाडं गेलेली. साधं यंत्र कानात घातलं की कान परत वाहायला लागतो. पण आतली नस शाबूत होती. कानामागच्या हाडात एक छोटा स्क्रू बसवायचा, त्याच्यावर यंत्र लावायचं, की आवाज हाडातून थेट आत. सर नको म्हणून बसले होते.

"आता पुढच्या वर्षी रिटायर होतील," काकू म्हणाल्या. "मग घरात मी आणि ते. तिथं कॉलेजात तुम्ही सगळे सांभाळून घेता त्यांना, मला माहीत आहे. पण नीलू, मला या घरात एकटीनं बोलायचं नाहीये गं."

एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा प्याले आणि ठरवलं, सरांना हुबळीला न्यायचंच.

*

सर का नको म्हणत होते ते डॉक्टरांच्या खोलीत कळलं. त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले होते, 'कारखान्यात जायचंय' असं सांगून. इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा सरांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीची किल्ली शोधायला लागले. ती हातातच होती. काकू आधीच बसनं येऊन आत थांबल्या होत्या.

डॉक्टर तरुण मुलगा. त्यानं एक दुबोटी लोखंडी काटा टेबलावर आपटला, गुणगुणता काटा सरांच्या कानासमोर धरला. सरांनी मान हलवली, नाही. मग काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. सरांचा चेहरा उजळला.

"बघितलंत? नस उत्तम आहे. आवाज आतपर्यंत पोचायला फक्त रस्ता हवाय."

"माझा स्क्रूड्रायव्हर हेच करतो," सर म्हणाले.

"मग कायमचा बसवून घ्या की, सर!"

"कशाचा असतो तो?"

"टायटेनियमचा."

सर उठून उभेच राहिले. "डॉक्टर, या धातूला मी आयुष्यभर नापास करत आलोय! त्याला कुणाशी घासलेलं सोसत नाही. ज्याला हात लावेल त्याला चिकटून बसतं. आणि तेच तुम्ही माझ्या डोक्यात घालणार?"

डॉक्टर बिचारा गांगरला. हाडाला चिकटून बसावं म्हणूनच तर तो धातू घेतात, असं काहीतरी सांगायला लागला. तेवढ्यात काकूंनी सरांच्या समोर जाऊन, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून म्हटलं, "अहो, त्याला कुणाशी घासायचं नाहीये. नुसतं एका जागी गप्प बसायचंय. तुम्हाला नाही जमत, त्याला जमेल!"

नर्ससुद्धा हसली. सर खाली बसले. मग डॉक्टरांना म्हणाले, "कुठल्या ग्रेडचं वापरता?"

काकूंनी माझा हात घट्ट दाबला. ग्रेड विचारली म्हणजे सर तयार झाले, हे आम्हा दोघींनाही कळलं.

*

ऑपरेशन झालं. छोटंसंच होतं, पण आम्ही सगळे बाहेर बाकावर. सरांना गुंगीतून जाग आली तेव्हा डॉक्टर, काकू आणि मी जवळ होतो. डोक्याला पट्टी. ओठ कोरडे. सरांनी हातानं खूण करून डॉक्टरांना जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, पाणी मागताहेत.

"स्क्रू आवळताना," सर पुटपुटले, "टॉर्क किती लावला?"

*

हाड आणि स्क्रू एकमेकांना घट्ट धरेपर्यंत यंत्र लावायचं नसतं. काही महिने जातात. त्या काळात सर रोज लॅबमध्ये यायचे, पण स्क्रूड्रायव्हरला हात लावायचे नाहीत. डॉक्टरांनी कानामागे काही दाबायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मशीन चालू असताना ते नुसते लाल दिव्याकडे बघत बसायचे. जमलं नाही तर? हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, आणि आम्हीही नाही.

फक्त एकदा म्हणाले, "नीलू, आयुष्यभर हे धातू सुटे कसे होतात तेच बघितलं. धरून कसे बसतात ते बघायचं राहून गेलं."

*

आणि यंत्र बसवायचा दिवस. हुबळीहून सर थेट घरी जातील असं आम्हाला वाटलेलं. तर गाडी लॅबच्या दारात! सर उतरले, मागून डबा घेऊन काकू. कानामागे काडेपेटीपेक्षा लहान करडी डबी. "कसं वाटतंय, सर?" प्रसन्ननं विचारलं. सर म्हणाले, "ओरडतोस कशाला?"

आम्ही सगळे उगाचच इकडे-तिकडे बघायला लागलो. अण्णा तर पाठ करून उभे राहिले.

"टायटेनियम लावा," सर म्हणाले.

अण्णांनी नवी पिन बसवली. बरणी फिरवली. मी, प्रसन्न, अण्णा, सगळ्यांनी बोळे घातले. काकू नको म्हणाल्या, त्यांनी पदरच कानांवर घट्ट धरला. सर मशीनसमोर स्टुलावर बसले. हात मांडीवर. स्क्रूड्रायव्हर भिंतीवर खिळ्याला टांगलेला.

बटण दाबलं. थोडा वेळ खरखर, आणि मग टायटेनियम किंचाळलं. सर दचकले! स्टूल मागे सरकलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले, एखादं खूप दिवसांनी घरी आलेलं माणूस बोलत असावं तसं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते. शेवटी त्यांनी हात वर केला. अण्णांनी मशीन बंद केलं.

तबकडी फिरत फिरत थांबली. आमच्या कानांत बोळे तसेच. खोलीत काय आवाज होता, होता की नव्हता, आम्हाला काही कळत नव्हतं.

काकूंनी पदर खाली सोडला. डबा टेबलावर ठेवून त्या सरांच्या स्टुलामागे जाऊन उभ्या राहिल्या, घरी खुर्चीच्या मागे राहायच्या तशा. मला त्यांचे ओठ हललेले दिसले. सवयीनं, अगदी हळू.

सरांची पाठ ताठ झाली.

मी घाईघाईनं एका कानातला बोळा ओढून काढला. पण काकूंचं बोलून झालं होतं. मला ऐकू आला तो सरांचाच आवाज. ते मागे वळले नव्हते.

"मालती," ते म्हणाले, "रोज हेच म्हणायचीस?"

काकूंनी पुढे येऊन डब्याचं झाकण लावलं. ते अजून कुणी उघडलंच नव्हतं.